हात लावायला जागा

कराडला पुतण्याचं लग्न होतं. वरातीसाठी भाड्याने आणलेली पांढरी मर्सिडीज मांडवाच्या तोंडाशी उभी होती. बॉनेटवर गुलाबांच्या माळा, काचेवर नवरा-नवरीची नावं, भोवती मोबाइल उंचावून उभी असलेली पोरं. आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, काठी टेकत तिथवर गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "पोरा, हिचं इंजिन दाव की जरा." आप्पांचं अख्खं आयुष्य ट्रकच्या स्टिअरिंगमागे गेलं, हे त्याला कुणीतरी आधीच सांगितलं असावं. कुरकुर न करता त्याने माळा बाजूला सारल्या आणि बॉनेट उघडलं. आप्पा वाकून बघत राहिले. आत एक भलंथोरलं काळं झाकण, त्याच्या मधोमध तीन टोकांची चांदणी आणि कडेने दोन-तीन बारीक नळ्या. आप्पांनी झाकणावर तळवा टेकवला, क्षणभर ठेवला, मग काढून घेतला. "हात लावाय जागाच न्हाय ठिवली," एवढंच बोलले आणि पंगतीकडे वळले.

त्या बोलण्यात तक्रार होती, कौतुक होतं की नुसतंच नवल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या घरात ही चांदणी श्रीमंतीची खूण म्हणून आलीच नव्हती. ती आली गुळाच्या ढेपांबरोबर. १९५४ साली टाटांची टेल्को आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डाइमलर-बेन्झ यांचा ट्रकसाठी करार झाला, त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला आणि पुढची पंधरा वर्षं ‘टाटा मर्सिडीज-बेन्झ’ हे नाव देशभरच्या हमरस्त्यांवर धावत राहिलं. आप्पा अशाच एका लांब नाकाच्या ट्रकवर आधी क्लीनर होते, मग ड्रायव्हर झाले. १९६९ मध्ये करार संपला, नव्या गाड्यांच्या जाळीवरून चांदणी उतरली आणि टाटांचा ‘टी’ आला. पण आप्पांचा ट्रक त्याआधीचा होता. मालकाने रंग बदलला, हौदा बदलला, चांदणी मात्र ठेवली. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं. सुट्टीत मी त्या केबिनमध्ये बसून मुंबईला गेले आहे. डिझेल, गूळ, तापलेलं रेक्झिन आणि उदबत्ती यांचा मिळून झालेला तो वास आजही कुठे अवचित आला तर मला थांबावंसं वाटतं. खंडाळ्याच्या घाटात इंजिन तापलं की आप्पा गाडी कडेला घ्यायचे, चाकाला दगड लावायचे आणि बॉनेट वर करायचे. मग ते हाताने सगळं चाचपत जायचे. हा पाइप, हा पट्टा, ही नोझल. कान इंजिनाकडे, नजर भलतीकडेच, जणू बोटांनाच दिसतंय. रात्रीच्या घाटात टॉर्चच्या उजेडात ते पाहिलेलं असल्यामुळे मर्सिडीज म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आजही आधी काळी पडलेली नखं येतात, गुबगुबीत आसनं नंतर.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे श्टुटगार्टला गेले तेव्हा मर्सिडीजच्या संग्रहालयात जायचा आग्रह माझाच होता. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर नेतात आणि मग उतरणीने गोल गोल फिरत, एकेक दशक ओलांडत आपण खाली येतो. वर पोचल्यावर सगळ्यात आधी दिसतो तो पेंढा भरलेला एक पांढराशुभ्र घोडा. मोटार ही चार दिवसांची चूष आहे, आपला भरवसा घोड्यावरच, अशा अर्थाचं जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मचं म्हणून सांगितलं जाणारं एक वाक्य तिथे आहे. घोड्यापासून जरा पुढे गेलं की १८८६ चं साल आणि दोन गाड्या. एक मॅनहाइमच्या कार्ल बेन्झची तीनचाकी, जिच्या पेटंटचा अर्ज २९ जानेवारी १८८६ चा. दुसरी गॉटलीब डाइमलरची चारचाकी. मॅनहाइम आणि डाइमलरचं कानश्टाट यांच्यात जेमतेम शंभर किलोमीटरचं अंतर असेल, आणि एकाच साली एकच गोष्ट घडवणारी ही दोन माणसं एकमेकांशी कधी बोलल्याचीही नोंद नाही. त्यांच्या कंपन्या एकत्र आल्या त्या १९२६ मध्ये. तोवर डाइमलर जाऊन पाव शतक उलटलं होतं. बेन्झ मात्र हयात होता.

चांदणी डाइमलरची. तरुणपणी तो कोलोनजवळच्या डॉइत्समध्ये गॅस इंजिनांच्या कारखान्यात होता, तेव्हा शहराच्या एका चित्रावर आपल्या घराच्या वर त्याने एक तारा काढून बायकोला धाडला होता. हा तारा एक दिवस आपल्या कारखान्यावर चमकेल, असं काहीसं त्याने लिहिलं होतं. तो १९०० साली वारला. पुढे मुलांना ते चित्र आठवलं आणि १९०९ मध्ये त्या ताऱ्याची कंपनीची खूण म्हणून नोंदणी झाली. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही ठिकाणी आपली इंजिनं चालावीत म्हणून टोकं तीन. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजी घराची आठवण हाय ती." मला हा अर्थ जमीन-पाणी-हवेपेक्षा जास्त पटला.

त्या मजल्यांवर मला सगळ्यात आवडलेला माणूस मात्र दोघांपैकी कुणीच नाही. तो विल्हेल्म माइबाख. दहाव्या वर्षी पोरका झाला आणि रॉइटलिंगेनच्या एका धर्मादाय संस्थेत वाढला. तिथल्या कार्यशाळेत डाइमलरने त्याला हेरलं आणि मग दोघे जन्मभर बरोबर राहिले. फ्रान्समधल्या नीस शहरात राहणारा एमिल येलिनेक हा धनाढ्य व्यापारी डाइमलरच्या गाड्या विकत घ्यायचा, शर्यतीत उतरवायचा आणि त्याहून वेगवान गाडी हवी म्हणून कारखान्याच्या मागे लागायचा. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत डाइमलरच्या उंच, आखूड गाडीवर विल्हेल्म बाउअर हा चालक दगावला. येलिनेकने त्यातून शर्यत सोडायचा नव्हे, गाडी बदलायचा धडा घेतला. त्याला हवी होती ती गाडी लांब, रुंद आणि जमिनीलगत असणार होती. माइबाखने ती वर्षाच्या आत घडवली. पस्तीस अश्वशक्ती, दाबून घडवलेल्या पोलादाची चौकट आणि समोर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर, ज्यात ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या. इंजिन थंड कसं ठेवायचं, हा आप्पांना घाटात छळणारा प्रश्न, त्याचं खरं उत्तर इथे सापडलं होतं. आज आपण ज्याला मोटार म्हणतो तिचा चेहरामोहरा या गाडीपासून सुरू होतो. गाडीला नाव दिलं गेलं येलिनेकच्या मुलीचं, मर्सेडीस. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. १९२९ मध्ये व्हिएन्नात ती वारली, चाळिशीही न गाठता. जगभरच्या बॉनेटांवर आपलं नाव घेऊन फिरणाऱ्या त्या मुलीचं स्वतःचं आयुष्य इतकं थोडकं असावं, याची मला त्या दालनात चुटपुट लागून राहिली.

आणि मग उतरणीवरून अजून खाली आलं की १९३० चं दशक लागतं.

तिथे माझा पाय जड झाला. एका बाजूला चंदेरी शर्यतीच्या गाड्या, इतक्या देखण्या की नजर हटत नाही. दुसरीकडे त्याच कंपनीची ती प्रचंड उघडी ७७०, जिच्यात हिटलर उभा राहून फिरायचा. त्याच कारखान्यांतून लढाऊ विमानांची इंजिनं निघत होती. कंपनीने स्वतःच पुढे आणलेला आकडा असा की १९४४ मध्ये तिच्याकडे ६३,६१० माणसं कामाला होती आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मी वेठीला धरलेली होती. पकडून आणलेले नागरिक, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. बर्लिनजवळच्या गेनशागेनच्या विमान-इंजिन कारखान्यात रावेन्सब्रुकच्या छावणीतून आणलेल्या हजाराहून अधिक स्त्रिया राबत होत्या. मी त्या मजकुरासमोर बराच वेळ उभी होते. यंत्र हे कुणाच्या तरी हातांनी बनतं, हे वाक्य मी इतकी वर्षं अभिमानाने म्हणत आले होते. हे हातही त्याच वाक्यातले आहेत. १९८० च्या दशकात कंपनीने स्वतःच्या त्या काळाचा अभ्यास करवून घेतला आणि १९८८ मध्ये भरपाई म्हणून दोन कोटी मार्क दिले. ते योग्यच झालं, पण फार उशिरा झालं, हे मला स्पष्ट वाटतं. चाळीस वर्षांत त्या बायकांमधल्या किती जणी ही रक्कम बघायला उरल्या असतील? भाचा म्हणाला, "मावशी, चल, खाली अजून खूप आहे." मी गेले. पण पुढच्या दालनातली ती पंखासारखी दारं वर उघडणारी १९५४ ची ३०० एसएल, जिच्यासाठी लोक दूरदूरहून येतात, ती मी नीट पाहिलीच नाही.

१९५४ म्हणजे टेल्कोच्या कराराचंही साल, हे मला परतीच्या विमानात सुचलं. युद्धात कारखाने बेचिराख झालेली, नाव डागाळलेली एक कंपनी आणि नुकताच स्वतंत्र झालेला, ट्रक कसे बनवायचे हे शिकू पाहणारा एक देश. दोघांनाही एकमेकांची गरज होती. टेल्कोची धुरा सुमंत मुळगावकरांकडे होती. त्यांनी पुढे पिंपरीच्या माळावर जो कारखाना उभा केला, त्यात आधी हजारो झाडं लावली, तळं केलं, हत्यारं घडवायची शाळा काढली. करार संपल्यावर टेल्को स्वतःच्या पायावर उभी राहू शकली ती या शिकण्यामुळे. आणि १९९४ मध्ये मर्सिडीज पुन्हा भारतात आली ती पुण्यातच, टेल्कोच्याच आवारात. पुढच्या वर्षी तिथून पहिली ई-क्लास निघाली, तांत्रिक भाषेत डब्ल्यू १२४. जर्मनीत त्याच सुमारास तिच्या जागी नवी ई-क्लास आली होती, त्यामुळे जुना माल आपल्या गळ्यात मारला, अशी चर्चा तेव्हा फार झाली. ग्राहक म्हणून राग येणं स्वाभाविक होतं. पण मला विचाराल तर ती जुनी गाडीच कंपनीने बनवलेल्या उत्तम गाड्यांपैकी एक होती.

हे मी कशावरून म्हणते? एका वायपरवरून. आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे ती गाडी होती. ऐन आषाढात त्यांच्याबरोबर वाईहून पसरणीचा घाट चढत होतो. पाऊस असा की समोरच्या एसटीचा मागचा दिवाही दिसेना. त्या गाडीला वायपर एकच, काचेच्या मधोमध. मला वाटलं, याने काय होणार? पण तो नुसता डावीकडून उजवीकडे जात नव्हता. वर जाताना लांब होत काचेच्या कोपऱ्यात शिरायचा, मधे आला की आखडायचा, परत दुसऱ्या कोपऱ्याकडे लांब व्हायचा. त्याच्या बुडाशी एक छोटा दातेरी खेळ आहे, जो फिरता फिरता दांडा आतबाहेर ढकलतो. त्यामुळे एकट्या पात्याने काचेचा सुमारे ८६ टक्के भाग पुसला जातो. कुणीतरी टेबलाशी बसून, पाऊस काचेवरून कसा ओघळतो आणि माणसाची मान कुठवर वळते याचा विचार करून तो दांडा लांबवला होता. गाडीची किंमत, तिचं लाकूड, चामडं, दार मिटल्यावरचा तो भरीव आवाज, हे सगळं मला कळतं आणि आवडतंही. पण मोह पडला तो त्या दांड्याचा. कुणाला दिसणारही नाही अशा जागी घेतलेले कष्ट.

अशाच न दिसणाऱ्या जागेचा माणूस म्हणजे इंजिनियर बेला बारेन्यी. तो १९३९ मध्ये कंपनीत आला. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, हा तेव्हाचा सार्वत्रिक समज होता आणि आप्पांचा तो आजही आहे. बारेन्यी उलट म्हणाला. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपू द्या, म्हणजे धक्का तिथे जिरेल. मधली, माणसं बसायची पेटी तेवढी अभंग ठेवा. त्याचं पेटंट १९५१ चं, आणि प्रत्यक्ष गाडी आली १९५९ मध्ये. त्याच वर्षी कंपनीने जुन्या गाड्या मुद्दाम आदळून बघायला सुरुवात केली. १९७८ मध्ये चाकं जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक आले, मग एअरबॅग, मग १९९५ मध्ये घसरती गाडी सावरणारं ईएसपी. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत छोटी ए-क्लास वळताना उलटली. कंपनीने आधी हात झटकले, पण शेवटी ईएसपी त्या प्रत्येक गाडीत बसवून द्यावं लागलं आणि एरवी महागड्या गाड्यांपुरतं राहिलं असतं ते तंत्र छोट्या गाडीत आलं. आज आपल्या रस्त्यांवरच्या मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही यातलं बरंच काही असतं. मर्सिडीज कधी न घेणाऱ्या माणसाचाही जीव तिच्या एखाद्या पेटंटने वाचला असेल. तिचं मोठेपण मी इथे मोजते.

पण बारेन्यीच्या पेटीलाही मर्यादा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात, सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री जिच्यात होते ती मर्सिडीज कठड्याला आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस मी ओळखीतल्या प्रत्येकाला मागच्या सीटवर पट्टा लावायला सांगत होते. काहींनी चार दिवस लावला. मोठ्या गाडीत बसलं की आपलं काम संपलं, बाकीचं ती बघेल, ही भावना फार खोल असते, आणि असली चांदणीची गाडी ती आणखी वाढवते. मला त्या भावनेची भीती वाटते.

२००९ पासून कारखाना चाकणला आहे. कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाणारं गाव आता मोटारींचं झालं. आमच्या शेजारची मुलगी पुण्याच्या सरकारी तंत्रनिकेतनात मर्सिडीजच्या सहकार्याने चालणारा मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम करून आता एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम करते. सकाळी स्कूटरला किक मारताना तिच्या पाठीवर लॅपटॉपची सॅक असते. तिला मी आप्पांचं वाक्य सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "काकू, ते झाकण नुसतं रबराच्या गुट्ट्यांवर बसवलेलं असतं. चारही बाजूंनी वर ओढलं की निघतं. खाली सगळं असतं. फक्त आधी लॅपटॉप जोडायचा, मग हात लावायचा." तिच्या बोटाच्या पेरांवर चरे होते, आप्पांच्या होते तसेच. तिला गाडी उघडून मिळते, मालकाला मिळत नाही आणि मालकाला नकोही असते. पूर्वी चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस असायचा, आता ते दोघे वेगळे झाले. हे बरं झालं असं मी म्हणू शकत नाही. ईएसपी आणि एअरबॅग हव्या असतील तर दुसरा मार्गही मला दिसत नाही.

चालवणारा आणि दुरुस्त करणारा एकच, ही गोष्ट जिच्यापासून सुरू झाली ती बर्था बेन्झ. लग्नाआधीच तिने आपल्या हुंड्याचा पैसा कार्लच्या धंद्यात घातला होता. गाडी तयार झाली, पेटंट झालं, पण गिऱ्हाईक येईना आणि कार्ल ती घेऊन लांब जायला धजेना. ऑगस्ट १८८८ मध्ये एके दिवशी पहाटे, त्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन ती मॅनहाइमहून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर. पेट्रोलपंप हा प्रकारच नव्हता. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन घेतलं, जे लोक डाग काढायला वापरत. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तिला पायमोज्याचा बंद गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं, आणि ब्रेकला अस्तर लावायची पद्धत तिथून आली. चढावर गाडी दमली की मुलं उतरून ढकलायची. घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं, चढासाठी अजून एक गिअर हवा. त्याने तो बसवला.

तिने ज्या वाटेने प्रवास केला ती आता तिच्या नावाने ओळखली जाते, जाऊन-येऊन १९४ किलोमीटर, आणि जागोजागी पाट्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात भाच्याकडे जायचं घाटतं आहे. या खेपेला संग्रहालय नको, असं मी त्याला आत्ताच कळवून ठेवलंय. मॅनहाइमहून सकाळी लवकर निघायचं, वीसलोखला त्या औषधाच्या दुकानाशी थांबायचं. गाडी कुठलीही चालेल, त्याची स्वतःची जुनी असली तरी. फोर्त्सहाइमच्या अलीकडचे चढ मात्र मला उतरून पायी चढायचे आहेत.